कुळी काढणारे नान्हे डॉक्टर

माझ्या अंगावर पाखरू शिटलं, त्या दिवशी माझी आणि डॉ. शालिकराम नान्हे यांची ओळख झाली.

भंडाऱ्याच्या बसस्थानकासमोर एका मोठ्या झाडाखाली मी ऑटोची वाट पाहत उभा होतो. लग्नाला निघालो होतो, अंगात नवा पांढरा शर्ट होता. वरून टपकन काहीतरी खांद्यावर पडलं. मी खिशातून रुमाल काढला आणि पुसणार, इतक्यात मागून कोणीतरी ओरडलं, "हलू नका!"

मला वाटलं, साप असेल. मी श्वाससुद्धा रोखून धरला. एक ठेंगणा, सावळा, जाड भिंगांचा चष्मा घातलेला माणूस धावत आला. त्यानं हातमोजे चढवले, तोंडाला मास्क लावला, पिशवीतून टोकाला कापूस असलेली काडी काढली आणि माझ्या खांद्यावरचा तो ऐवज अत्तर लावतात तितक्या नाजूकपणे टिपून घेतला. ती काडी गुलाबी पाण्याच्या बोटाएवढ्या नळीत बुडवली, झाकण लावलं. मग वर झाडाकडे पाहून मला विचारलं, "कोणाचं?"

"काय कोणाचं?"

"हे कोणाचं, पाहिलं काय तुम्ही? बगळा होता का पाणकावळा?"

"मी रस्त्याकडे बघत होतो हो!"

"मंग काही उपयोग नाही," असं म्हणून त्यांनी ती नळी एका पिवळ्या पिशवीत टाकून दिली. "कोणाचं ते माहीत नसलं तर त्याले काही किंमत नाही, भाऊ. पुसा आता."

मी भांड्यांच्या धंद्यातला माणूस. आमचं पितळी भांड्यांचं दुकान माझ्या आजोबांपासून चालू आहे. चकचकीत, घासलेलं, पुसलेलं असं जे काही असेल त्यावर माझा जीव. अशा माणसाच्या नशिबात हा शेजारी यावा, याला काय म्हणावं? हो, शेजारीच. कारण पुढच्याच महिन्यात आमच्या दुकानासमोरच्या घरात वरच्या मजल्यावर नवा भाडेकरू आला, आणि सामान उतरवताना तो मला बघून म्हणाला, "अरे! पांढरा शर्ट!"

डॉक्टर नान्हे म्हणजे इंजेक्शन देणारे डॉक्टर नव्हेत. नागपूरच्या एका सरकारी प्रयोगशाळेत ते रानपाखरांच्या अंगातले विषाणू शोधण्याचं काम करतात. रोज सकाळची एसटी, संध्याकाळची एसटी. हिवाळा आला की मात्र सुट्टीच्या दिवशीही हा माणूस घरी सापडत नाही. आपल्या जिल्ह्यात तलाव किती आहेत हे सांगायला नको. त्या तलावांवर थंडीत दूरदूरची बदकं उतरतात. डॉक्टर पहाटेपासून कुठल्यातरी तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, उकिडवे बसलेले असतात. बदकांचा थवा उडाला की पुढे सरकायचं, ओली ताजी शीट शोधायची, काडीनं टिपायची, नळीत घालायची आणि नळीवर लिहायचं, ही कोणाची. नळ्या बर्फाच्या डब्यात आणि डबा मांडीवर.

हा डबा एसटीत प्रसिद्ध आहे. एका नव्या कंडक्टरनं एकदा विचारलं, "डॉक्टरसाहेब, मच्छी हाय काय?" डॉक्टर खोटं बोलत नाहीत. त्यांनी सांगितलं, "नाही, शीट हाय." तेव्हापासून त्यांच्या शेजारची जागा नागपूरपर्यंत रिकामी असते आणि ते ऐसपैस बसून जातात.

"कोणाचं?" हा त्यांचा आवडता प्रश्न. किंबहुना त्यांचा धर्मच म्हणा. एकदा एका मोठ्या अधिकाऱ्यानं हौसेनं आपल्या बंगल्यातल्या हिरवळीवरची शीट गोळा करून गाडीतून पाठवली. सोबत चिठ्ठी, "आपल्या संशोधनास हातभार." डॉक्टरांनी ड्रायव्हरला विचारलं, "कोणाचं?" ड्रायव्हर म्हणाला, "साहेबांच्या बंगल्यावरचं." "ते कळलं. पण पाखरू कोणतं?" ड्रायव्हरला काय ठाऊक? डॉक्टरांनी त्याच गाडीतून ते परत पाठवलं. अधिकारी अनेक महिने बोलत नव्हते. "बोलतील," डॉक्टर म्हणाले, "पण कुठलंही आणून माह्या डब्यात टाकाल, तर संशोधन काय डोंबल करायचं? एका पाखराचं, ताजं, मातीले न लागलेलं, कोऱ्या काडीनं घेतलेलं. नाहीतर शेतात टाका, धान चांगलं येईल."

आता दुसरी सवय. ती मला जास्त महागात पडली.

आपल्याकडे दोन अनोळखी माणसं भेटली की नातं काढायची पद्धत आहे. तुमी कुठले, मामाचं गाव कोणतं, अमकीतमकी तुमच्या कोण, असं करत करत काहीतरी धागा सापडतोच. बाकीचे लोक हे पानसुपारी खाता खाता करतात. डॉक्टर ते कर्तव्य म्हणून करतात. सामान लावून झाल्याबरोबर ते दुकानात आले, स्टुलावर बसले आणि म्हणाले, "तुमच्या आईचं माहेर?"

"करडीकडचं."

"करडी की आतलं गाव?"

"आतलं. हिवरटोली."

डॉक्टर उभेच राहिले. "हिवरटोली? मी हिवरटोलीचाच ना! तलावाच्या पाळीवरच आमचं घर. आमी ढिवर, मासोळी धरणारे. तुमची आई म्हणजे कासाराच्या घरची गिरजाबाई काय?"

"हो."

"म्हणजे गावनात्यानं ते माही बहीण लागते," डॉक्टर म्हणाले, "आणि तुम्ही माहे भाचे."

तर अशा रीतीनं माझ्यापेक्षा वयानं लहान असलेला एक ढिवराघरचा शास्त्रज्ञ माझा मामा झाला. माझी बायको शोभा त्यांना मामा म्हणू लागली, मुलं मामाआजोबा म्हणू लागली आणि आमचा गुमास्ता तर पाया पडू लागला. मी आपला "डॉक्टर"वर अडून राहिलो.

एकदा आमच्या गल्लीत दोन घरांत मधल्या भिंतीवरून भांडण पेटलं. डॉक्टर मध्ये पडले. दोन्हीकडे चहा घेतला, दोन्हीकडचं आजोळपणजोळ विचारलं आणि संध्याकाळी जाहीर केलं, "अहो, तुम्ही चुलत भाऊ लागता एकमेकाचे!" डॉक्टरांना वाटलं, आता गळाभेट होईल. झालं उलटंच. तोवर नुसतं शेजाऱ्यांचं भांडण होतं, ते आता भाऊबंदकीचं झालं, आणि दोघंही वकिलाकडे गेले. डॉक्टर बरेच दिवस खट्टू होते. "नातं सापडल्यावर माणूस कसा काय भांडते?" हे त्यांना खरोखरच कळत नव्हतं.

विषाणूंचंही ते हेच करतात. मी एकदा विचारलं, की शीट नळीत घातली, पुढे काय? त्यांनी मला फार सोप्या शब्दांत सांगितलं. विषाणू म्हणजे शेवटी चार अक्षरांची एक लांबच लांब माळ. यंत्र ती माळ वाचतं. मग ती संगणकावर चढवायची आणि जगभरच्या प्रयोगशाळांनी जमा केलेल्या माळांशी ताडून बघायची. "माणसासारखंच हाय, भाचे. पुष्कळ अक्षरं जुळली तर सख्खा. थोडी कमी जुळली तर चुलत. आणखी कमी तर गाववाला. अशी साऱ्याची कुळी काढता येते. कोणता रशियाहून आला, कोणता इथलाच, कोणाचा आजा कोण, सारं दिसते."

"आणि कोणाशीच जुळलं नाही तर?"

"तसं होत नाही," डॉक्टर अगदी ठामपणे म्हणाले. "कोणी ना कोणी असतेच."

आणि नेमका कोणाशीच न जुळणारा एक निघाला.

मागच्याच्या मागच्या हिवाळ्यात डॉक्टरांनी हिवरटोलीच्या तलावावर, म्हणजे स्वतःच्या घरासमोर, एका तलवार बदकाची शीट टिपली. लांब टोकदार शेपटीचं हे देखणं बदक उत्तरेकडून येतं. पावसाळ्यात त्या नळीतली माळ वाचून झाली. संगणकानं दोनचार ओळखीचे विषाणू दाखवले, त्यांची कुळी लागली. एक उरला. तो कोणाशीच जुळेना. डॉक्टर संध्याकाळी थेट दुकानात आले. चेहरा असा, की मला वाटलं, घरी काही वाईट झालं.

"भाचे, एक सापडला. पण त्याचं कोणीच नाही."

"म्हणजे नवा विषाणू? अहो, मग पेढे आणा!"

"नवा हाय ते खरं. पण अख्ख्या जगात जवळचं कोणी नाही त्याले. एका बाजूले एकटाच फांदी धरून बसला हाय." त्यांनी खिशातून कागद काढून दाखवला. झाडाच्या फांद्यांसारख्या रेघा होत्या, एका बाजूला सगळी गर्दी, आणि तळाशी एकच एकटी रेघ, लांब गेलेली. "गरीब हाय बिचारा. बदक ठणठणीत होतं. कोणाले ताप नाही, कोणाच्या अध्यातमध्यात नाही. आतड्यात चुपचाप राहते."

मी त्या रेघेकडे बघितलं आणि मग डॉक्टरांकडे. लग्न केलेलं नाही, आईवडील गेलेले, समोरच्या माडीवर एक खाट, एक शेगडी आणि पुस्तकं. जगात त्यांचा म्हणावा असा एकच माणूस होता. हिवरटोलीचे त्यांचे मोठे भाऊ, मोतीराम. डॉक्टर त्यांना दादा म्हणतात. वडील लवकर गेल्यावर या दादानंच डोंगा वल्हवून, जाळं टाकून शालिकला शिकवलं. दर रविवारी डॉक्टर दादाकडे जेवायला जात, आणि सोमवारी मला वहिनीच्या झिंग्यांच्या भाजीचं वर्णन ऐकावं लागे. पाखरांच्या निमित्तानं रविवार आणि तलाव दोन्ही साधत असे.

शोध लागल्यावर डॉक्टरांनी तो एका परदेशी मासिकाकडे पाठवला. तिकडून उत्तर आलं, की काम चांगलं आहे, पण नमुना एकच. एकाच नळीतलं म्हटलं तर प्रयोगशाळेतली भेसळही असू शकते. त्याच ठिकाणचा दुसरा दाखवा, मग मानू. डॉक्टरांना यात काही अन्याय वाटला नाही. "बरोबरच बोलून राहिले. एकट्याचं कोणी मानत नाही. यंदाच्या थंडीत याचा भाऊ शोधतो." त्यांची निवृत्ती जवळ आली होती, हाताशी असलेली थंडी जवळजवळ शेवटचीच. पण माणूस निर्धास्त होता. तलाव आपला, दादा आपला, बदकं ओळखीची.

मग त्यांनी एक चूक केली. दिवाळीत गावात सांगून टाकलं.

हिवरटोलीला आजवर कोणी विचारलेलं नाही. एसटीच्या पाटीवर करडी असतं, हिवरटोली नसतं. सरपंचांनी ऐकलं, की आपल्या तलावात जगात कुठेच नाही अशी वस्तू सापडली. त्यांची छाती फुगली. त्यांनी ताबडतोब करडीच्या रस्त्यावर, गावच्या फाट्याला, भला मोठा फ्लेक्स लावला.

तो फ्लेक्स मी प्रत्यक्ष पाहिला, कारण डॉक्टरांना घेऊन त्या रविवारी मीच माझ्या गाडीनं गेलो होतो. आम्ही फाट्यावर गाडी थांबवली आणि दोघंही उतरून बघत राहिलो. वर लिहिलं होतं, "हिवरटोली तलावात जगातील एकमेव नवीन विषाणू सापडल्याबद्दल समस्त गावकऱ्यांचे हार्दिक अभिनंदन!" खाली सरपंच, उपसरपंच, सरपंचांचे जावई. अगदी कोपऱ्यात, तिकिटाएवढे डॉक्टर. आणि मधोमध, फ्लेक्सवाल्यानं आपल्या अकलेनं टाकलेलं विषाणूचं चित्र. तोच तो लाल गोळा, चहूबाजूंनी काटे फुटलेला, ज्याच्या धाकानं आपण सगळे घरात कोंडून घेऊन बसलो होतो.

मला दरदरून घाम फुटला. डॉक्टर मात्र चष्मा पुसून जवळ गेले, नीट निरखलं आणि चिडून म्हणाले, "हा तो नाहीच! हा पार वेगळ्या कुळीचा हाय!"

त्यांची तक्रार एवढीच होती.

गावात पोचलो तर तलावाच्या पाळीवर सामसूम. माशांच्या टोपल्या भरलेल्या, वर ओलं गोणपाट, आणि घ्यायला कोणी नाही. भंडाऱ्याचे आणि तुमसरचे ठोक व्यापारी फाट्यापर्यंत आले होते म्हणे. फ्लेक्स वाचला आणि तिथूनच गाड्या वळवल्या. दादा मच्छीमार संस्थेचे अध्यक्ष. उंच, रापलेला, कमी बोलणारा माणूस. सकाळपासून संस्थेतल्या लोकांनी त्यांना घेरलेलं, की तुमच्याच भावानं केलं.

"दादा, मासोळीले काही होत नाही," डॉक्टर म्हणाले. "तो बदकाच्या पोटात राहते. मासोळीत मी पाहिलं, नाही हाय. माणसाले बी काही नाही."

"हे मले नोको सांगू. फाट्यावर जाऊन सांग."

"सांगतो ना. पण दादा, मले अजून एक पाहिजे. एकाचं कोणी मानत नाही. बदकं आता उतरतीलच..."

"शालिक," दादा म्हणाले, "तू आता तलावावर येऊ नको."

आवाज चढवला नाही, शिवी नाही. तेवढं बोलून ते डोंग्याकडे निघून गेले. वहिनी दारात उभ्या होत्या. त्या "जेवून जा" म्हणाल्या, पण डॉक्टर गाडीत जाऊन बसले होते. परतीच्या वाटेवर, वैनगंगेवरच्या कारध्याच्या पुलावर ते म्हणाले, "भाचे, नातं सापडायले किती वेळ लागते, आणि तुटायले?" मी गाडी चालवत राहिलो.

सरपंचांनी फ्लेक्स लगेच उतरवला. व्यापारी महिन्याभरात परत आले. लोकांना मासे खायचे असतात, ते फार दिवस घाबरून राहत नाहीत. पण डॉक्टर हिवरटोलीला गेले नाहीत. थंडी पडली, बदकं उतरली. डॉक्टर साकोलीकडच्या तलावांवर गेले, पवनीकडे गेले, जिथे वाट मिळेल तिथे गेले. नळ्या भरून आणल्या. त्याचा भाऊ कुठेच मिळाला नाही. मी म्हटलं, "अहो, हिवरटोलीला जा ना. आता मासे विकले जातायत, राग उतरला असेल."

"दादानं नाही म्हटलं हाय."

"रागाच्या भरात म्हटलं!"

"म्हटलं ना पण."

रविवारी ते माडीवर बसून राहू लागले. शोभा जेवायला बोलवी. येत, जेवत, "छान झालं" म्हणत. झिंग्यांचा विषय निघत नसे. त्या परदेशी मासिकाचं त्यांना फारसं काही वाटत नव्हतं, हे मला स्पष्ट दिसत होतं. त्यांना लागला होता तो दादाचा शब्द. अख्ख्या जगाची कुळी काढणाऱ्या माणसाचं एकुलतं एक नातं तुटायला आलं होतं, आणि ते कसं जोडायचं हे कुठल्याही संगणकावर नव्हतं. मला त्यांचा राग यायचा आणि जीवही तुटायचा.

माघ संपत आला होता. एके दुपारी दुकानासमोर ऑटो थांबला आणि त्यातून धोतर नेसलेले, खांद्यावर दुपट्टा टाकलेले एक उंच गृहस्थ उतरले. हातात जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा, मोठा डबा, त्याला ओलं फडकं घट्ट गुंडाळलेलं. मी ओळखलं. दादा!

"शालिक नागपूरले गेला असंल ना?" दादा म्हणाले. "मी बसतो इथं. चालते काय?"

मी त्यांना गादीवर बसवलं. ते डबा मांडीवर घेऊन बसले. मला मनातून फार बरं वाटलं. म्हटलं, वहिनींनी झिंगे पाठवले. आता रुसवा संपला. शोभा चहा घेऊन आली. तिनंही डबा पाहिला आणि कौतुकानं म्हणाली, "द्या मामा, मी गरम करून ठेवते."

दादांनी डबा छातीशी धरला. "नोको बाई, नोको! गरम कायले? हे थंडच पाहिजे. बरफ असंल तर थोडा दे."

शोभानं बर्फ दिला. दादांनी फडक्यात घालून डब्याभोवती तो नीट गुंडाळला. मला उलगडा व्हायला लागला. दादा हळूहळू बोलू लागले.

"मी म्हणलो येऊ नको, तर हा खरंच आला नाही! लहानपणी तर एक ऐकत नव्हता. मी रोज सकाळी पाळीकडे पायतो. आज येईल, उद्या येईल. पाखरं बी पाहून राहिली असतील, का तो चष्मेवाला कुठं गेला. आता तर पाखरं चालली बाप्पा. थोडीकच उरली."

"फोन करायचा ना, दादा."

"करून काय बोलू?" त्यांनी दुपट्ट्यानं तोंड पुसलं. "तो फ्लेक्स माह्याच घरी हाय. खाटेवर बांधला. वरतून कवलातली माती पडते ना. झोपलो का कोपऱ्यात तुमच्या मामाचं एवढंसं तोंड दिसते. आता त्याच्याशी किती दिवस अबोला धरू?"

मी दुकानातली एक घागर उचलून उगाचच पुसायला घेतली. डोळ्यांत पाणी आलं होतं, गिऱ्हाईक बघत होतं.

संध्याकाळी डॉक्टर एसटीतून उतरून आले. दुकानात दादांना पाहून ते पायरीवरच थांबले. दादा उठले, दोन्ही हातांनी डबा पुढे केला आणि म्हणाले, "घे. तुले दुसरा पाहिजे होता ना? आणला."

डॉक्टरांनी झाकण उघडलं. मी मान लांब करून पाहिलं. पळसाची पानं अंथरलेली, आणि त्यावर शीट. भरपूर. ओली, सुकी, पांढरी, हिरवी, काळी. मध्ये चिखल, काडीकचरा, दोन पिसं. आणि त्या सगळ्यावर दरवळणारा लिंबाच्या लोणच्याचा वास, कारण डबा लोणच्याचा होता.

"डबा राखेनं घासला," दादा सांगत होते. "साबण बी लावला. हात नाही लावला, पानानंच उचललं. तू म्हणत होता ना, हात लावू नये. पहाटे डोंगा घेऊन साऱ्या पाळीनं फिरलो."

आता मी इतकी वर्षं या माणसाची कीर्तनं ऐकलेली. एका पाखराचं, ताजं, मातीला न लागलेलं, कोऱ्या काडीनं घेतलेलं. त्यातली एकही अट या डब्यात पाळलेली नव्हती. मी डॉक्टरांच्या तोंडाकडे पाहत राहिलो. आता विचारणार, "कोणाचं?"

त्यांनी विचारलं नाही. दादांनाच राहवलं नाही. "कोणाकोणाचं हाय ते मले सांगता नाही येत. साऱ्याचंच हाय. बदकाचं, बगळ्याचं, पाणकोंबडीचं. तुले जे पाहिजे ते घे त्याच्यातलं."

डॉक्टरांनी झाकण लावलं, दाबून घट्ट केलं. मग म्हणाले, "दादा, हात धुतले काय साबणानं?"

"दोनदा."

"पुन्हा धुवा," डॉक्टर म्हणाले. ते दादांना आमच्या मागच्या मोरीवर घेऊन गेले. बादलीतून मग्ग्यानं पाणी घालत राहिले आणि दादा लहान मुलासारखे हात चोळत राहिले. हात केव्हाच स्वच्छ झाले होते, तरी पाणी घालणं चालूच होतं. शेवटी शोभाच म्हणाली, "मामा, पुरे, टाकी रिकामी कराल."

जेवण आमच्याकडेच झालं. निघताना दादा म्हणाले, "डबा परत दे मात्र. तुह्या वहिनीले न सांगता आणला." डॉक्टर दुकानात आले, फळीवरून सगळ्यात जड, सगळ्यात झळझळीत पितळी डबा उचलला, घासाघीस न करता विकत घेतला आणि दादांच्या हातात दिला. मग स्वतःही दादांबरोबर शेवटच्या बसमध्ये चढले. सकाळी बदकं उडायच्या आत पाळीवर पोचायचं होतं.

तलवार बदकांचा शेवटचा थवा अजून होता. डॉक्टरांनी डोंग्यात बसून, दादा वल्हवत असताना, नमुने घेतले. एक बदक, एक काडी, एक नळी. उन्हाळ्यात त्यातल्या एका नळीत तो सापडला. अक्षरांची माळ जवळजवळ तंतोतंत जुळली. डॉक्टरांनी गल्लीत पेढे वाटले. "सख्खा भाऊ निघाला!" असं म्हणत ते घरोघर हिंडत होते, आणि भिंतीवरून भांडणाऱ्या त्या दोन चुलत भावांनीही मुकाट्यानं पेढा घेतला. मासिकानं लेख स्वीकारला. तो पुन्हा पाठवायच्या आधी डॉक्टर हिवरटोलीला विचारायला गेले होते, की गावाचं नाव टाकू की नको. दादा म्हणाले होते, "टाक ना. पण तो लाल गोळ्याचा फोटू टाकू नको."

मध्यंतरी नागपूरला माल घ्यायला गेलो, तेव्हा डॉक्टरांनी मला त्यांची प्रयोगशाळा दाखवली. एक कपाटाएवढा फ्रीझर होता, उघडला की पांढरी वाफ बाहेर यायची. आत हजारो नळ्या, प्रत्येकीवर पाखराचं नाव, तलावाचं नाव. सगळं ओळीत, सगळं शिस्तीत. आणि अगदी खालच्या खणात, पारदर्शक पिशवीत बंद केलेला, बर्फानं पांढरा झालेला जर्मनचा मोठा डबा.

"हे तपासलं काय?" मी विचारलं.

"हे काहून तपासायचं?" डॉक्टर म्हणाले. "याचा काही उपयोग नाही."

तेवढ्यात नव्यानं रुजू झालेली एक मुलगी फ्रीझरमध्ये जागा करायला आली. तिनं वाकून तो डबा बाहेर ओढला, चारही बाजूंनी फिरवून पाहिला आणि म्हणाली, "सर, यावर काहीच लिहिलेलं नाही. कोणाचं आहे हे? काढून टाकू?"

डॉक्टरांनी तो डबा तिच्या हातून घेतला, वरचा बर्फ बाहीनं पुसला आणि पुन्हा होता तिथेच ठेवला.

"आमच्या घरचं आहे," ते म्हणाले. "राहू द्या."